पोलिसाचे कवच आणि पोलिसाची जबाबदारी



आजचा विषय जरा नाजूक आहे. पोलिसाची गोष्ट निघाली की आपल्याकडे दोन प्रकारची माणसे बोलू लागतात. पारावरचा एक म्हणतो, "अहो, वर्दीपुढे कुणाचे काही चालते का? सरकारच त्यांच्या पाठीशी." दुसरा पुष्कळदा स्वतः पोलीसच असतो. तो म्हणतो, "आमचे हात बांधलेले आहेत, साहेब. काही केले तरी चौकशी, न केले तरी चौकशी." दोघांच्याही बोलण्यात थोडे खरे आहे आणि पुष्कळ अपुरे आहे. कायद्याने पोलिसाला एक कवच दिले आहे, ही गोष्ट खरी. परंतु ते कवच कशासाठी दिले, ते कोठवर पुरते आणि कोठे संपते, हे ना फिर्याद घेऊन जाणाऱ्या शेतकऱ्याला नीट ठाऊक असते, ना ठाण्यातल्या शिपायाला. आज आपण ती हद्द पाहू.

नाशिकहून हा विषय मांडण्याला कारण आहे. १९०६ साली पुण्याजवळ भांबुर्ड्याला पोलिसांना शिकवणारी शाळा निघाली आणि १९०९ साली ती नाशिकला आली. त्र्यंबक रस्त्यावरची आजची महाराष्ट्र पोलीस अकादमी ती हीच. राज्यात सरळ भरतीने येणारा फौजदार कायद्याचे धडे येथेच गिरवतो आणि मग कोणी चांद्याला जातो, तर कोणी बांद्याला. आणि याच नाशिक जिल्ह्यात घडलेल्या एका गुन्ह्याचा तपास असा झाला की, २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाला त्याविषयी फार कडक शब्द वापरावे लागले. त्या खटल्याकडे मी येणारच आहे. पण आधी कवचाची गोष्ट.

मुळात पोलिसाला संरक्षण हवेच कशाला? सिंहस्थातला गोदाकाठ डोळ्यांपुढे आणा. लाखो माणसे रामकुंडाकडे लोटलेली आहेत. शिपायाने एका अरुंद गल्लीत दोर लावून गर्दी अडवली. तेवढ्यात कोणी पडला, कोणाला लागले. उद्या त्या माणसाने शिपायावर दावा लावायचा ठरवला, आणि अशा प्रत्येक दाव्याचा खर्च शिपायाने पगारातून सोसायचा म्हटले, तर पुढच्या पर्वणीला दोर धरायला कोण उभा राहील? चोराचा पाठलाग करणारा, दंगलीत मध्ये पडणारा, दारूच्या भट्टीवर छापा घालणारा माणूस क्षणात निर्णय घेत असतो. तो निर्णय कधी चुकतोही. प्रामाणिकपणे केलेल्या कामातल्या चुकीबद्दल त्याला जन्मभर कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला लावणे शहाणपणाचे नाही. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ तेलात भेसळ करणाऱ्या टोळीने मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळले. ते महसूल खात्याचे अधिकारी होते. पण कायदा राबवणाऱ्याच्या जिवावर काय बेतू शकते, हे नाशिक जिल्ह्याला कोणी वेगळे सांगायला नको.

म्हणून कायद्याने तीन-चार ठिकाणी पोलिसाला आधार दिला आहे. आपल्या राज्यातला पोलिसांचा मुख्य कायदा १९५१ सालचा. पूर्वी त्याला मुंबई पोलीस अधिनियम म्हणत, आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात. त्याचे १५९ वे कलम सांगते की, या कायद्याने नेमून दिलेले कर्तव्य सद्भावनेने बजावताना केलेल्या कृत्याबद्दल पोलीस अधिकाऱ्याला दंड होणार नाही आणि नुकसानभरपाईही द्यावी लागणार नाही. यातला 'सद्भावनेने' हा शब्द श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा. त्याच कायद्याचे १६१ वे कलम मुदत घालते. कर्तव्याच्या मिषाने किंवा कर्तव्याची मर्यादा ओलांडून पोलिसाने काही गैर केले असेल, तर त्याच्यावरचा खटला किंवा दावा सहा महिन्यांच्या आत दाखल व्हायला हवा. राज्य सरकारची आगाऊ मंजुरी असेल तर खटल्यापुरती ही मुदत दोन वर्षांपर्यंत जाते.

तिसरा आधार सरकारच्या मंजुरीचा. ज्या अधिकाऱ्याला सरकारच्या मंजुरीवाचून नोकरीतून काढता येत नाही, त्याने कर्तव्य बजावताना केलेल्या कथित गुन्ह्याची दखल कोर्टाला सरकारच्या मंजुरीशिवाय घेता येत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे १९७ वे कलम होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते २१८ वे झाले. सुव्यवस्था राखणाऱ्या दलांनाही हे संरक्षण लावण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. आणि चौथा आधार खुद्द राज्यघटनेच्या ३११ व्या कलमाचा. चौकशी करून बाजू मांडण्याची संधी दिल्याशिवाय सरकारी नोकराला सहसा बडतर्फ करता येत नाही. वरून फोन आला म्हणून भलते काम करायला नकार देणाऱ्या सरळ अंमलदारालाही हेच कलम तारते.

आता खरा प्रश्न. कोठडीत मारहाण करणे हे कर्तव्य आहे काय? खोटा पंचनामा लिहिणे हे कर्तव्य आहे काय?

या प्रश्नाला कोर्टांनी जुन्या काळापासून उत्तरे दिली आहेत. १९४८ साली प्रिव्ही कौन्सिलने एक दृष्टान्त दिला, तो कोणालाही कळण्याजोगा आहे. सरकारी डॉक्टर रोग्याला तपासतो, हे त्याचे सरकारी काम. पण तपासता तपासता त्याने रोग्याच्या खिशातले पैसे काढले, तर ती चोरी काही सरकारी काम होत नाही. मग तपासणी कितीही सरकारी असो. पुढे १९६६ साली आपल्याच राज्याचे एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. एका फौजदारावर आणि त्याच्या साथीदारांवर आरोप होता की, गुन्ह्याचा तपास करताना त्यांनी संशयितांना डांबून ठेवून मारहाण केली. त्यांचे म्हणणे असे की, १६१ व्या कलमाची सहा महिन्यांची मुदत उलटून गेली, सबब खटला चालू शकत नाही. न्यायालयाने ते मानले नाही. तपास करणे हे पोलिसाचे कर्तव्य खरे, पण मारणे आणि डांबणे हे कोणत्याही कायद्याने त्याच्यावर सोपवलेले नाही. सबब मुदतीची ढाल त्याला मिळणार नाही, असा त्या निकालाचा इत्यर्थ.

एवढ्यावर विषय मिटला असे मात्र नाही. २०२० साली कर्नाटकातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, कर्तव्य बजावताना अधिकाऱ्याकडून अतिरेक झाला, तरी त्या कृत्याचा कर्तव्याशी वाजवी संबंध असेल तर सरकारची मंजुरी लागेल. म्हणजे रेषा आहे, पण शेताच्या बांधासारखी. बांध दोघांनाही दिसतो, आणि तरी मोजणी करावी लागते. ही मोजणी कोर्ट प्रत्येक प्रकरणात करते. लोकांचा खरा छळ होई तो वेगळ्याच ठिकाणी. मंजुरीचा कागद सरकारी टेबलावर वर्षानुवर्षे पडून राही. 'हो' नाही, 'नाही'ही नाही. नव्या संहितेने यावर एक उपाय केला आहे. सरकारने १२० दिवसांत निर्णय दिला नाही, तर मंजुरी मिळाली असे धरले जाते. ही तरतूद साध्या माणसाच्या उपयोगाची आहे, म्हणून मुद्दाम सांगितली.

आता नाशिकच्या त्या खटल्याकडे येऊ.

५ जून २००३ ची रात्र. नाशिकजवळच्या एका गावात पेरूच्या बागेतल्या झोपडीत राहणाऱ्या कुटुंबावर दरोडा पडला. पाच माणसे मारली गेली आणि बायका-मुलींवर अत्याचार झाले. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा असा तो प्रकार होता. लोक संतापले, आणि गुन्हेगार लवकर सापडावेत असे सर्वांना वाटू लागले. यात चूक कोणाचीच नव्हती. घरातली आई आणि एक मुलगा वाचले होते. गुन्ह्यानंतर दोनच दिवसांनी, ७ जूनला, पोलिसांनी त्या माउलीला सराईत गुन्हेगारांच्या छायाचित्रांचा संग्रह दाखवला आणि तिने त्यातले चार जण ओळखले.

श्रोतेहो, एवढा धागा हाती आल्यावर तपासी अंमलदार काय करील? त्या चौघांना शोधील, ते त्या रात्री कोठे होते हे पाहील. पण खटला उभा राहिला तो त्या चौघांवर नव्हे. भटक्या जमातीतले सहा मजूर पकडले गेले. २००६ साली नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम करून तिघांची जन्मठेपेवर आणली. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशीच दिली. पुढे कळले की, त्या सहांतला एक जण गुन्ह्याच्या वेळी अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांच्या आतला होता. तिघांची शिक्षा वाढवताना त्यांचे म्हणणेच नीट ऐकून घेतले गेले नव्हते, हेही उघड झाले. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपला आधीचा निकाल मागे घेतला आणि अपिले नव्याने ऐकली.

५ मार्च २०१९ रोजी न्यायमूर्ती सिक्री, न्यायमूर्ती अब्दुल नझीर आणि न्यायमूर्ती शहा यांनी सहाही जणांना निर्दोष सोडले. डोळ्यांनी पाहणाऱ्या साक्षीदाराने ओळखलेल्या चार माणसांचा तपासच केला गेला नाही आणि आरोपींच्या बाजूची ही महत्त्वाची गोष्ट दडवली गेली, असे न्यायालयाने म्हटले. गरीब भटक्या माणसांना यात गोवले गेले, असा निष्कर्ष काढून न्यायालयाने तीन हुकूम दिले. त्या चौघांविरुद्ध पुढचा तपास करा. तपास आणि खटला बिघडवणारे अधिकारी कोण ते शोधून, ते नोकरीत असतील तर तीन महिन्यांत खातेनिहाय कारवाई करा. आणि सुटलेल्या प्रत्येकाला राज्याने चार आठवड्यांत पाच लाख रुपये द्या.

हे पाच लाख ऐकायला मोठे वाटतात. शाळेतल्या मुलांना उदाहरण म्हणून घालण्याजोगा हिशेब आहे. सोळा वर्षांचे दिवस होतात सुमारे ५,८४०. पाच लाखांना त्याने भागा. दिवसाला पडले साधारण ८५ रुपये. २०१९ साली आपल्या राज्यात रोजगार हमीच्या कामावरची जी मजुरी होती, तिच्या निम्मीसुद्धा ही रक्कम नाही. त्यात उमेदीची वर्षे गेली, आणि उद्या पहाटे दोर गळ्यात पडेल काय या धास्तीने काढलेल्या रात्री गेल्या. आणि ज्या घरातली पाच माणसे मारली गेली, त्या घराला काय मिळाले? सोळा वर्षांनंतर तेही जागच्या जागीच. चुकीचा माणूस पकडला म्हणजे खरा गुन्हेगार मोकळा राहतो. खोट्या तपासाने आरोपीवर अन्याय होतो तसा फिर्यादीवरही होतो, ही गोष्ट आपण सहसा विसरतो.

आणखी एक गोष्ट पाहा. ते पाच लाख कोणी दिले? राज्याने, म्हणजे तुम्ही-आम्ही. ज्यांनी तपास बिघडवला त्यांच्या खिशाला त्या हुकमाने थेट झळ लागली नाही. त्यांच्यासाठी खातेनिहाय चौकशी होती, आणि तीही नोकरीत असतील तर. पोलिसाच्या जबाबदारीचा प्रश्न आपल्या देशात नेमका येथे अडकलेला आहे.

खरे म्हणजे एवढे अंतरही फार कष्टाने कापले गेले. १९४७ साली मेरठला पोलिसांनी अमृतसरच्या एका सराफाला संशयावरून पकडले आणि त्याच्याजवळचे सोने-चांदी जप्त केले. तो जामिनावर सुटला, चांदी परत मिळाली. पण सोने ठाण्यातल्या हवालदाराने लांबवले आणि तो पाकिस्तानात निघून गेला. सराफाने सरकारवर दावा केला. सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, अटक आणि जप्ती हे राज्याचे सार्वभौम काम असल्यामुळे भरपाई देण्याची जबाबदारी सरकारवर येत नाही. कायद्यातली ही उणीव खुद्द न्यायालयाने बोलून दाखवली, पण सराफाच्या हाती काही पडले नाही. १९८३ साली बिहारमध्ये एक माणूस निर्दोष ठरूनही चौदा वर्षे तुरुंगात राहिल्याचे उघडकीस आले, तेव्हा न्यायालयाने प्रथमच घटनेच्या आधारे त्याला ३५,००० रुपये देववले. १९९३ साली ओडिशातल्या एका आईला, कोठडीत मेलेल्या मुलाबद्दल, दीड लाख रुपये मिळाले. तेव्हापासून एक गोष्ट पक्की झाली. माणसाच्या जिवाचा आणि स्वातंत्र्याचा भंग झाला, तर 'हे सार्वभौम काम होते' असे सांगून राज्याला सुटता येत नाही.

आपल्या महाराष्ट्राने या बाबतीत देशाचा कायदाही बदलायला लावला आहे. २६ मार्च १९७२ रोजी त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा खटला आठवा. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडले. त्यावर १९७९ साली चार कायदेपंडितांनी न्यायालयाला उघड पत्र लिहिले. त्यांत वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर ही दोन मराठी नावे होती. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या. १९८३ साली कायदा बदलला. पोलिसाच्या ताब्यात असलेल्या स्त्रीने 'माझी संमती नव्हती' असे कोर्टात सांगितले, तर कोर्ट ते गृहीत धरून चालेल, असे ठरले. २०१३ पासून तर अशा गुन्ह्यात सरकारी मंजुरीची अटही उरलेली नाही. त्या मुलीला न्याय मिळाला नाही, पण तिच्यामुळे पुढच्या किती जणींच्या हाती कायदा आला.

तर आता, प्रसंग आलाच तर काय करावे, ते क्रमाने सांगतो. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या.

पहिले अटकेविषयी. अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव वाचता येईल अशी पट्टी हवी. अटकेचा पंचनामा जागेवर लिहिला जातो. त्यावर घरच्या माणसाची किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्ष हवी आणि पकडलेल्या माणसाची सही हवी. अटकेचे कारण त्याला सांगितले पाहिजे आणि घरच्यांना कळवले पाहिजे. हे नियम सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९९६ च्या निकालात घालून दिले आणि आता ते संहितेतच आहेत. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे केलेच पाहिजे. हे तर राज्यघटनेचे २२ वे कलम सांगते. अटकेनंतर डॉक्टरी तपासणी होते, तिची प्रत मागून घ्यावी. मारहाण झाली असेल तर मॅजिस्ट्रेटसमोर तोंड उघडून सांगावे, मग शेजारी कोणीही उभा असो. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी बाईमाणसाला अटक करता येत नाही. फारच अपवाद असला, तर मॅजिस्ट्रेटची परवानगी घेऊन महिला अधिकाऱ्यानेच ती करायची. साक्ष नोंदवण्यासाठी स्त्रीला, पंधरा वर्षांखालच्या मुलाला किंवा साठीच्या पुढच्या म्हाताऱ्याला ठाण्यावर बोलावता येत नाही. अंमलदाराने त्यांच्या घरी गेले पाहिजे.

दुसरे कबुलीचे. पोलिसापुढे दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. मग मारून वदवून घेण्याचा उपयोग तो काय? उलट कबुली काढण्यासाठी दुखापत करणे हाच गुन्हा आहे. साध्या दुखापतीला सात वर्षांपर्यंत आणि गंभीर दुखापतीला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. भारतीय न्याय संहितेचे १२० वे कलम ते. जुन्या दंडसंहितेतही हे होतेच. इंग्रजांच्या कायद्यालाही कोठडीतली लाठी मान्य नव्हती.

तिसरे, फिर्याद न घेतली तर. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यावर ती नोंदवणे पोलिसावर बंधनकारक आहे. गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतला असला तरी नोंदवून पुढे धाडायचा, आणि फिर्यादीला प्रत फुकट द्यायची. नाही घेतली, तर तीच फिर्याद लिहून टपालाने जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकाला पाठवावी. शहरात पोलीस आयुक्तालयाला. रजिस्टरची पावती जपून ठेवावी. तेथेही दाद लागली नाही, तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो.

चौथे, पोलिसाविरुद्धच तक्रार असेल तर. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना सांगितले की, पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकायला पोलीस खात्याबाहेरचे प्राधिकरण नेमा. महाराष्ट्राने २०१४ साली कायद्यात दुरुस्ती करून राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आणि विभागवार प्राधिकरणे ठेवली. नाशिक विभागाचेही त्यात आहे. राज्य प्राधिकरणावर उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश अध्यक्ष असतात. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, बेकायदा अटक, लाच, खंडणी, जमीन बळकावणे अशा तक्रारी तेथे जातात. यात उणीवही सांगितली पाहिजे. प्राधिकरण चौकशी करून अहवाल देते, पण त्यावर कारवाई करणे शेवटी सरकारच्या हाती राहते. याशिवाय राज्य मानवी हक्क आयोग आहे. तेथे घटनेपासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. आणि कोठडीत मृत्यू झाला, तर मॅजिस्ट्रेटने चौकशी करावी असा कायदाच आहे.

पाचवे, पुराव्याचे. २ डिसेंबर २०२० च्या निकालाने प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीसकट, कॅमेरे लावायला सांगितले आहे. त्यांचे चित्रण अठरा महिने, आणि ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष ठेवायचे आहे. तक्रार करणाऱ्याने तारीख आणि वेळ लिहून ते चित्रण जपून ठेवण्याची मागणी लगेच, लेखी करावी. आणि सहा महिन्यांची ती मुदत विसरू नये. कोर्ट पुढे काय म्हणेल त्याच्या भरवशावर बसू नका. महिन्याभरात वकिलाला गाठा. वकिलाला पैसे नाहीत म्हणून कोणी घरी बसण्याचे कारण नाही. कोठडीतला माणूस, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना उत्पन्न न पाहता सरकारी खर्चाने वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याला समिती आहे, आणि १५१०० हा दूरध्वनी क्रमांक आहे.

येथे एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. बांधाच्या भांडणात आपली बाजू पडली म्हणून हवालदारावर खोटा अर्ज करणे, हाही गुन्हा आहे. अशा दहा खोट्या अर्जांच्या ढिगाऱ्यात अकरावा खरा अर्ज दबून जातो आणि खरोखर मार खाल्लेला माणूस खोटा ठरतो. पाहिले तेवढेच लिहा, ऐकले ते ऐकले म्हणून लिहा.

पोलीस बंधूंनाही दोन शब्द. तुमच्या कामाचे तास लांब आहेत आणि बंदोबस्त दिवाळी-दसरा पाहत नाही, हे लोकांना दिसते. कायद्याने दिलेले कवच तुमच्या हक्काचे आहे आणि ते तुमच्याकडून कोणी काढून घेऊ नये. पण ते शाबूत राहते डायरीच्या खऱ्या नोंदीने. वेळेवर लिहिलेला पंचनामा, डॉक्टरी दाखला, अटकेच्या कागदावरची साक्ष यांकडे कटकट म्हणून पाहू नका. उद्या तुमच्यावर खोटा आळ आला तर हेच कागद तुमची साक्ष देतील. आणि साहेबांनी तोंडी हुकूम दिला होता, हे सांगून कोठडीतल्या मारहाणीतून कोणी सुटत नाही.

शेवटी शिक्षकांना विनंती. नागरिकशास्त्राच्या तासाला मूलभूत हक्कांची यादी मुले पाठ करतात. परीक्षेत लिहितात आणि विसरतात. त्याऐवजी एक दिवस वर्गात अटकेचा कागद मुलांकडून लिहवून घ्या. एकाला फौजदार करा, एकाला पोलीस पाटील, एकाला मॅजिस्ट्रेट. चोवीस तासांचा हिशेब फळ्यावर मांडा. सहा जणांच्या त्या खटल्याची गोष्ट सांगा आणि विचारा की, ७ जूनला त्या माउलीने चार जण ओळखल्यावर तुम्ही फौजदार असता तर काय केले असते? मुले बरोबर उत्तर देतील, याची मला खात्री आहे. त्यांतलेच एखादे मूल उद्या त्र्यंबक रस्त्यावरच्या त्या अकादमीत भरती होईल. एखादे मूल वकील होईल. बाकीची आपापल्या गावात राहतील, आणि कोणा भटक्या, परक्या माणसाला संशयावरून नेले जात असेल तेव्हा अटकेच्या कागदावर साक्षीदार म्हणून सही करायला पुढे होतील. सही करण्यापूर्वी कागद वाचायचा असतो, हे त्यांना शाळेतच शिकवून ठेवा.